फुले जनआरोग्य योजना: कार्डाचा रंग सोडा, ते ऑनलाइन आहे का ते आधी बघा

दोन महिन्यांपूर्वी आमच्या अडीच वर्षांच्या पोरीच्या हृदयाचं ऑपरेशन महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून, म्हणजे रेशन कार्डावर मोफत उपचार देणाऱ्या सरकारी योजनेतून झालं. तेव्हापासून रोज कोणीतरी फोन करतं, "आमचं बसतं का रे योजनेत?" एकेकाला सांगून दमलो म्हणून एकदाच लिहून टाकतो.

सुरुवात अंगणवाडीत झाली. पोरांची तपासणी करणाऱ्या सरकारी बाल स्वास्थ्य कार्यक्रमवाल्यांची गाडी आलेली, त्यातल्या डॉक्टर मॅडमनी पोरीच्या छातीला स्टेथोस्कोप लावला, मग पाठीला लावला, मग सगळ्यांना जरा गप बसा म्हणाल्या आणि परत छातीला लावला. तिथंच माझ्या बायकोचे पाय गळाले. टूडी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदयाला छिद्र निघालं. प्रायव्हेटला विचारलं तर अडीच लाखाच्या घरात, आणि मी टेम्पो चालवतो.

आता बसतं कोण ते सांगतो. २०१२ ला ही योजना राजीव गांधींच्या नावानं आठ जिल्ह्यांत सुरू झाली तेव्हा पिवळं आणि केशरी कार्ड, दीड लाखापर्यंत. पिवळ्याची उत्पन्नाची अट वर्षाला १५ हजार, म्हणजे महिन्याला साडेबाराशे, एवढ्यात कुत्रं पण पाळता येत नाही पण ते असो. १ जुलै २०२४ पासून पांढरं कार्डवाले पण आत आले, रक्कम पाच लाख झाली, तेव्हा १३५६ उपचार होते. पाच लाख हे अख्ख्या घराला मिळून वर्षाचे, माणशी नाहीत, आमच्या चुलत्यानं माणशी धरून सात जणांचे पस्तीस लाख मोजले होते. आणि आधीचा आजार चालतो, पोरीला तर जन्मापासूनच छिद्र, तरी कोणी त्यावर अडवलं नाही.

मग अडलं कुठं? कार्ड ऑनलाइन नव्हतं. वडिलांच्या कार्डातून विभक्त होऊन मी २०२१ ला नवीन केशरी काढलं, वही हातात मिळाली, मला वाटलं झालं. पण हॉस्पिटलला ऑनलाइन कार्डाचा बारा अंकी नंबर लागतो, तो वहीवर लिहिलेलाच नाही. त्यात पोरीचं नाव पण चढवलेलं नाही, जन्मल्यापासून आज करू उद्या करू. आम्ही ज्या पहिल्या हॉस्पिटलला गेलो तिथला डेस्कवरचा मुलगा मान वर न करता म्हणाला, नाव नाही, बसणार नाही. आम्ही खाली येऊन पार्किंगमध्ये बसलो अर्धा तास.

खरं तर हे त्याचं साफ चुकीचं होतं. दुसऱ्या हॉस्पिटलच्या आरोग्यमित्र ताईंनी (आरोग्यमित्र म्हणजे हॉस्पिटलमध्ये बसणारा योजनेचा माणूस) सांगितलं की लहान लेकराचं नाव कार्डात नसेल तर जन्माचा दाखला आणि कार्डात नाव असलेल्या आईचा किंवा बापाचा लेकरासोबत फोटो चालतो. समोरच्या स्टुडिओत पळालो. पोरगी रडून रडून लाल, नाक वाहतंय, माझ्या शर्टाला तेच पुसलेलं, तोच फोटो फाइलीला लागला आणि त्याच फोटोवर ऑपरेशन झालं.

पण बारा अंकी नंबरला शॉर्टकट नव्हता. तहसीलच्या पुरवठा शाखेत तीन हेलपाटे, दोनदा साईट डाऊन, एकदा साहेब मीटिंगला. तिसऱ्या वेळी मी टूडी इकोचा रिपोर्टच टेबलावर ठेवला, मग त्या क्लार्कनं डबा बाजूला सारून वीस मिनिटांत काम केलं. म्हणजे होत होतं. एजंट बाहेर पंधराशे मागत होता तो वेगळाच.

एकदा नंबर मिळाल्यावर मात्र गाडी सुसाट. ताईंनी फाइल चढवली, एक क्वेरी आली इकोच्या रिपोर्टवर, ती भरली, दोन दिवसांत अप्रूव्हल. ऑपरेशन, बेड, औषधं, जेवण सगळं त्यातच. मध्ये एका सिस्टरनं ३४०० चं इंजेक्शन बाहेरून आणा म्हणून चिठ्ठी दिली, मी निम्म्या जिन्यात होतो, तिथून वळून ताईंकडे गेलो, त्यांनी चिठ्ठी हातातून घेतली आणि कोणाला तरी फोन लावला. इंजेक्शन वॉर्डातच मिळालं. आधी पैसे भरून मग भांडू नका, आधी आरोग्यमित्राला गाठा, नाहीतर १५५३८८ ला फोन लावा. ओपीडी योजनेत नाही, त्यामुळे सुरुवातीच्या चकरा आणि आमचं राहणं-खाणं धरून सतरा-अठरा हजार घरचे गेलेच.

स्टार द्यायचे तर योजनेला पाचपैकी साडेचार, आरोग्यमित्र ताईंना पाच, पहिल्या डेस्कवाल्याला एक, तो पण पंख्याखाली बसू दिलं म्हणून. हे वाचून झाल्यावर कपाटातलं कार्ड काढा, रेशन दुकानदाराला बारा अंकी नंबर विचारा, लेकरांची नावं चढलीत का बघा. सगळी धडधाकट असतानाच करा, दवाखान्यातून तहसीलला पळताना काही सुचत नाही.

हां, आणि डिस्चार्जनंतर घरी जायचं एसटीचं भाडं पण योजनेत आहे. आम्ही अडीच हजारांची गाडी करून घरी आल्यावर मला ते कळलं. बायको अजून ऐकवते.