वर्गणी वसूल झाली का? पगारकपातीच्या वाटाघाटींत आमच्या संघटनेने दिलेली सेवा

मी एका विमान कंपनीच्या देखभाल विभागात तंत्रज्ञ आहे. माझं बहुतेक काम रात्री असतं, दिवसभर उडून आलेली विमानं हँगरबाहेर उभी असतात तेव्हा. दर महिन्याला पगारातून कर्मचारी संघटनेची वर्गणी कापली जाते आणि एरवी त्या ओळीकडे कुणी बघतही नाही. व्यवस्थापनाने पगार, भत्ते आणि निवृत्ती निधी या तिन्हींवर कात्री लावायची मागणी केली, तेव्हा मात्र आपण इतकी वर्षं कशाचे पैसे भरतोय हे प्रत्येकाने विचारलं. आता करार होऊन गेलाय. नव्याने लागलेली मुलं विचारतात, "ताई, सभासद व्हायचं का?" त्यांच्यासाठी, आणि दुसऱ्या कंपन्यांत अशाच नोटिशीला तोंड देणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. माझे गुण पाचपैकी चार. पाचवा मी जाणूनबुजून राखून ठेवला आहे आणि त्यामागचं कारण मला चारही गुणांपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

मागणीपत्र एरवी संघटना देते. या वेळी ते वरून आलं. मूळ पगारात कपात, रात्रपाळीचा भत्ता निम्मा, ओव्हरटाइम दुप्पटऐवजी दीडपट, आजारपणाच्या रजा कमी, आरोग्य विम्याच्या हप्त्यात आमचा वाटा जास्त, निवृत्ती निधीत कंपनीने भरायची रक्कम तीन वर्षं गोठवायची, म्हणजे भरायचीच नाही. आणि शेवटच्या पानावर, कुठलाही आकडा न देता एक ओळ: मोठी देखभाल, म्हणजे आम्ही ज्याला सी-चेक म्हणतो ती, "गरजेनुसार" बाहेरच्या कंपनीकडून करून घेण्याची मुभा. पगारकपात एक ना एक दिवस भरून निघू शकते. सी-चेक एकदा बाहेर गेला की त्याची हत्यारं, जागा आणि हात सगळंच जातं. आमच्या प्रतिनिधींनी पहिल्याच सभेत त्या ओळीवर बोट ठेवलं, तिथेच माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

संघटनेने केलेलं सगळ्यात मोलाचं काम म्हणजे हिशेब उघडायला लावणं. "तोटा झालाय" हे व्यवस्थापन सांगत होतं आणि तोटा खराच होता. पण संघटनेने स्वतःचा आर्थिक सल्लागार नेमला, गुप्ततेच्या लेखी हमीवर ताळेबंदाच्या आतले कागद मागितले आणि ते मिळेपर्यंत एकाही कलमावर बोलायला नकार दिला. मग जे समोर आलं ते आम्हाला साध्या भाषेत समजावून सांगितलं. त्या वर्षीच्या तोट्यातला मोठा भाग जुनी विमानं वेळेआधी ताफ्यातून काढल्यामुळे पुस्तकात लिहावा लागलेला, एकदाच होणारा तोटा होता. आमच्याकडून मागितलेली कपात मात्र कायमची होती. एकदाच झालेल्या तोट्यासाठी कायमची कपात का, हा एक प्रश्न पुढच्या सगळ्या वाटाघाटींचा कणा झाला. तो प्रश्न आमच्यापैकी कुणाला एकट्याने सुचला नसता, आणि सुचला असता तरी विचारायला आत कुणी घेतलं नसतं.

दरवेळी पगारावरच का येतात, तेही त्या सल्लागाराने नीट सांगितलं. विमान कंपनीचे सगळ्यात मोठे दोन खर्च म्हणजे इंधन आणि माणसं. इंधनाचा भाव जागतिक बाजार ठरवतो, तिथे कंपनीचं फारसं चालत नाही. विमानतळाचं शुल्क विमानतळ किंवा नियामक ठरवतो. बरीचशी विमानं भाड्याची असतात आणि भाडं थकलं तर मालकाला विमान परत ताब्यात घेता यावं, यासाठी २००१ चा केप टाउन करार आहे. तो मान्य केलेल्या देशांत विमानाच्या मालकाचा हात भक्कम असतो. म्हणजे ज्यांच्याकडे घासाघीस करायची त्यातले बहुतेक जण आधीच संरक्षण घेऊन बसलेले. उरतो तो कर्मचारी, आणि त्याचं संरक्षण एवढंच की त्याच्याशी झालेला करार कागदावर आहे. हे ऐकल्यावर माझा व्यवस्थापनावरचा राग थोडा कमी झाला, पण त्या कागदाची किंमत कितीतरी वाढली.

दुसरी सेवा मला व्यक्तिशः सगळ्यात उपयोगी पडली. संघटनेने प्रत्येक सभासदाला त्याच्या रोस्टरप्रमाणे वेगळा कागद काढून दिला: मागण्या जशाच्या तशा लागू झाल्या तर तुमच्या हातात महिन्याला किती कमी पडेल. मूळ पगाराची कपात सगळ्यांच्याच डोळ्यांत भरत होती. माझ्या कागदावर मात्र सर्वांत मोठा आकडा निघाला रात्रपाळीच्या भत्त्याचा, त्याखालोखाल ओव्हरटाइमचा. दिवसपाळीतल्या ऑफिसच्या लोकांचा कागद अगदी वेगळा दिसत होता. निवृत्ती निधीचं तर आणखी निराळं. तीच रक्कम तीच तीन वर्षं गोठवली तरी पंचविशीतल्या मुलाचं नुकसान पन्नाशीतल्या माणसापेक्षा फार मोठं, कारण न भरलेल्या पैशांवरचं पुढच्या पस्तीस वर्षांचं व्याज बुडतं. टक्केवारीच्या भाषेत सगळ्यांचा त्याग सारखा दिसतो. माणसागणिक कागद काढला की तो सारखा नाही हे कळतं, आणि कुणासाठी काय वाचवायचं हे ठरवता येतं.

जुन्या घटनांचा अभ्यासही त्यांनी चांगला करून घेतला. हँगरमधले आमचे प्रतिनिधी, ज्यांना सगळे काका म्हणतात, ते जेवणाच्या सुट्टीत एकेक प्रकरण घेऊन बसायचे. अमेरिकेतल्या युनायटेड एअरलाइन्सच्या कर्मचाऱ्यांनी १९९४ मध्ये सुमारे ४.९ अब्ज डॉलरच्या सवलती (म्हणजे पगार-भत्ते वगैरेंतली कपात) देऊन त्या बदल्यात कंपनीचे ५५ टक्के शेअर घेतले. नोकरी आणि मालकी दोन्ही आपली, म्हणून तेव्हा त्याचं फार कौतुक झालं. डिसेंबर २००२ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या कोर्टात गेली आणि ते शेअर मातीमोल झाले. पुढे २००५ मध्ये कोर्टाच्या परवानगीने पेन्शन योजनाही पेन्शनचा विमा उतरवणाऱ्या सरकारी महामंडळाच्या गळ्यात टाकण्यात आल्या आणि कित्येकांची कबूल केलेली पेन्शन घटली. एकाच कंपनीत पगार, बचत आणि म्हातारपण असं सगळं गुंतवलं की कंपनीबरोबर तिन्ही बुडू शकतात. आमच्या व्यवस्थापनानेही मधल्या टप्प्यावर कपातीच्या बदल्यात शेअर देऊ केले होते. संघटनेने नम्रपणे नाही म्हटलं आणि त्याऐवजी कापलेला पगार पूर्ववत कधी होणार त्याच्या तारखा मागितल्या. मला हा निर्णय शंभर टक्के पटला.

अमेरिकन एअरलाइन्सचं २००३ चं प्रकरण तर आमच्या करारातल्या एका कलमाचं थेट कारण आहे. दिवाळखोरी टाळण्यासाठी तिथल्या कर्मचाऱ्यांनी वर्षाला सुमारे १.८ अब्ज डॉलरच्या कपातीला मान्यता दिली. त्याच सुमारास उघड झालं की वरिष्ठ अधिकाऱ्यांनी कंपनी सोडू नये म्हणून त्यांना मोठे बोनस ठरले होते आणि त्यांची पेन्शन सुरक्षित राहावी म्हणून वेगळा निधीही बाजूला काढला होता. इतका संताप उसळला की त्या एप्रिलमध्येच कंपनीचे प्रमुख डॉन कार्टी यांना पायउतार व्हावं लागलं. आमच्या करारात म्हणून लिहून घेतलंय: जोवर कर्मचाऱ्यांची कपात चालू, तोवर वरिष्ठांचा बोनस बंद, आणि दर सहा महिन्यांनी त्याचा दाखला संघटनेला द्यायचा. बंद दाराआडच्या बैठकीत व्यवस्थापनाने सगळ्यात जास्त विरोध याच कलमाला केला, असं काकांनी नंतर सांगितलं.

संघटनेचं खरं श्रेय मी देते ते दोन्ही बाजू सांगण्यासाठी. आमच्यातले काही जण सरळ "नाही" म्हणून मत द्या असं सांगत फिरत होते. त्यांची भावना मला समजत होती. पण इटलीत अलितालिया या विमान कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी एप्रिल २०१७ मध्ये कपातीचा आराखडा मोठ्या बहुमताने फेटाळला, पुढच्याच महिन्यात कंपनी सरकारी प्रशासकाच्या हाती गेली आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये तिचं शेवटचं विमान उडालं. हे काकांनी लपवलं नाही. आणि ज्यांना "हो म्हणा, नोकरी वाचेल" असं वाटत होतं, त्यांना अमेरिकेतल्या डेल्टा विमान कंपनीची गोष्ट सांगितली. तिथल्या वैमानिकांनी २००४ मध्ये ३२.५ टक्के पगारकपात मान्य केली, तरी पुढच्याच वर्षी कंपनी दिवाळखोरीत गेली आणि त्यांना आणखी कपात सोसावी लागली. हो म्हटल्याने हमी मिळत नाही, नाही म्हटल्याने धोका टळत नाही. सभासदाला घाबरवून किंवा भडकवून मत मागणं सोपं असतं. आमच्या संघटनेने ते केलं नाही, याचा मला मनापासून अभिमान आहे.

करार असा झाला. मूळ पगारातली कपात मागितल्याच्या निम्म्याहून कमी, तीही दोन वर्षांपुरती, आणि पगार टप्प्याटप्प्याने आपोआप पूर्ववत होणार. त्यासाठी पुन्हा वाटाघाटी नाहीत, नफ्याची अट नाही. रात्रपाळीचा भत्ता जसाच्या तसा. ओव्हरटाइम दीडपट झाला. निवृत्ती निधीत कंपनीचा भरणा गोठला नाही, कमी झाला. विम्याच्या हप्त्यात आमचा वाटा वाढला, आणि मुलांची औषधं चालू असलेल्या घरांना तो जड जातोय. सी-चेक कराराच्या मुदतीपर्यंत आमच्याच हँगरमध्ये राहणार. या शेवटच्या कलमाची किंमत पटवायला काकांनी क्वान्टासचं उदाहरण दिलं होतं. ऑस्ट्रेलियातल्या या कंपनीने २०२० मध्ये सुमारे १,७०० ग्राउंड कर्मचाऱ्यांचं काम बाहेर दिलं. ते बेकायदा होतं असा अंतिम निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये दिला. पुढे भरपाई म्हणून १२ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरही ठरले, पण नोकऱ्या परत मिळाल्या नाहीत. काम गेल्यावर कोर्टात जिंकण्यापेक्षा ते जाऊच न देणारी एक ओळ आधी लिहून घेणं बरं.

आता राखून ठेवलेला गुण. कराराच्या तारखेनंतर लागणाऱ्यांसाठी वेगळी, खालची वेतनश्रेणी संघटनेने मान्य केली. माझ्या शेजारी उभं राहून तेच इंजिन उघडणारा, त्याच कागदावर त्याच जबाबदारीने सही करणारा मुलगा माझ्यापेक्षा कमी पगारावर सुरुवात करतो आणि वरच्या श्रेणीत कधी येणार याची तारीख करारात नाही. ही युक्ती जुनी आहे. अमेरिकन एअरलाइन्सने १९८३ मध्ये अशीच दुहेरी श्रेणी आणली आणि मग ती इतर कंपन्यांत पसरली. व्यवस्थापनाला ती सोयीची असते, कारण मत देणाऱ्यांचं त्यात काही जात नाही आणि ज्यांचं जातं ते अजून मत द्यायला आलेलेच नसतात. वाटाघाटी समितीत सगळे जुने लोक होते. आम्हा जुन्यांच्या पगारासाठी न आलेल्यांचा पगार मोजला गेला, असं मी सर्वसाधारण सभेत उभी राहून बोलले आणि इथेही लिहिते. आमच्या तारखा मागताना जी चिकाटी दाखवली, तीच या एका तारखेसाठी दाखवायला हवी होती.

रात्रपाळीची अडचणही सांगायला हवी. माहितीच्या सभा दुपारी चारला व्हायच्या. म्हणजे आम्ही झोपेतून उठून यायचं किंवा दुसऱ्याकडून ऐकीव समजून घ्यायचं. कराराचा पूर्ण मसुदा मतदानाच्या जेमतेम आधी हातात पडला. जेवणाच्या सुट्टीत बसणारे काका नसते तर आमच्या पाळीतल्या निम्म्या लोकांनी न वाचता मत दिलं असतं.

त्यानंतर थोडं बदललंय. समितीत पाच वर्षांहून कमी नोकरी झालेल्यांसाठी दोन जागा आल्या आहेत आणि खालच्या श्रेणीतून वर येण्याची मुदत पुढच्या मागणीपत्रात पहिल्या क्रमांकावर ठेवायचा ठराव झालाय. नव्या मुलांनो, त्या दोन जागांसाठी अर्ज भरायला सभासदत्व लागतं, आणि उमेदवारी निवडणुकीच्या तीन महिने आधी द्यायची असते. फॉर्म हँगरच्या कार्यालयात मिळतो. त्यावर आपली पाळी नीट लिहा, म्हणजे तुमच्या नावाचा कागद तुमच्याच रोस्टरप्रमाणे निघेल. भरताना काही अडलं तर रात्री जेवणाच्या सुट्टीत काका तिथेच असतात, आणि मीही.