इंदूरमध्ये छापून घेतलेलं पायरेट्सचं कॅलेंडर

पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकी बेसबॉल संघाच्या इतिहासातल्या तारखा मराठीत असलेलं 2027 चं भिंतीवरचं कॅलेंडर रामबागेतल्या एका छापखान्याने करून दिलं. ए-थ्री आकार, 170 जीएसएमचा (चौरस मीटरला 170 ग्रॅम) मॅट आर्ट पेपर, वर वायरची बांधणी. छपाई उत्तम. काळा भरीव, पिवळा कुठेही मळकट नाही. संघाचे रंगच काळा-पिवळा, तेव्हा हे आधी बघावं. मॅट कागदावर बॉलपेनही नीट उमटतं.

प्रूफ मात्र डोळ्यांत तेल घालून वाचा. पहिल्या प्रूफात ऑक्टोबर जवळजवळ कोरा आणि जानेवारीत दोन सामने! बेसबॉलचा हंगाम वसंतात सुरू होऊन शरदात संपतो, जानेवारीत सामना नसतोच. गडबड एक्सेलची. अमेरिकी यादीत महिना आधी असतो, आपल्याकडचा संगणक दिवस आधी धरतो. 9/1/1971, म्हणजे सुरुवातीचे नऊही खेळाडू कृष्णवर्णीय असण्याचा पहिला दिवस, 1 सप्टेंबरऐवजी 9 जानेवारीला गेला. पहिल्या वर्ल्ड सिरीजचा (हंगामाअखेरच्या विजेतेपदाच्या मालिकेचा) पहिला सामना 1 ऑक्टोबर 1903 चा, तो 10 जानेवारीला. जिथे दिवस 12 च्या पुढचा, ती नोंद एक्सेलला तारीख वाटतच नाही. ती डावीकडे चिकटून मजकूर म्हणून राहते आणि कॅलेंडरमधून गळते. उपाय सोपा: दिवस, महिना, वर्ष असे तीन वेगळे रकाने करून द्या.

दुसरी अडचण जागेची. पायरेट्सची पाचही विजेतेपदं एकाच आठवड्यातली आहेत: 13 ऑक्टोबर 1960, 15 ऑक्टोबर 1925, 16 ऑक्टोबर 1909 आणि 17 ऑक्टोबरला दोन, 1971 व 1979. त्यात 2027 चा ऑक्टोबर शुक्रवारी सुरू होतो, म्हणून रविवारी येणारी 31 तारीख सहाव्या ओळीत जाते आणि सगळ्याच चौकटी बुटक्या होतात. छापखान्याने 24 आणि 31 एका चौकटीत घेतले, तेव्हा कुठे 13 तारखेला पायरेट्सच्या मॅझरॉस्कीचा होम रन (मैदानाबाहेर गेलेला फटका) आणि यांकीज संघावरचा 10-9 असा विजय दोन ओळींत बसला. इथे डोकं चाललं, मानलं पाहिजे.

(इंदूरच्या जुन्या होळकर क्रिकेट संघाचं असं कॅलेंडर करायचं तर पंचाईत वेगळी. रणजीचा सामना कित्येक दिवस चालतो आणि विजेतेपद 1945-46 असं दोन वर्षांत विभागलेलं. चौकट कोणती धरायची ते आधीच ठरवावं लागेल.)

अक्षरजुळणीत जुन्या फॉन्टमुळे ‘तिसऱ्या’तला ऱ्य तुटला आणि ‘वर्ल्ड’चा रफार ल्ड सोडून व वर बसला. युनिकोड मजकूर पीडीएफमध्ये फॉन्टसकट द्या, म्हणजे हे होत नाही.

डिसेंबरच्या पानावर एक दुरुस्ती करून घ्याच. 31 तारखेची चौकट काळी आहे: निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेलं विमान 1972 मध्ये त्या दिवशी कोसळलं, त्यात पायरेट्सचा खेळाडू रोबेर्तो क्लेमेंटे गेला. तीनच महिन्यांपूर्वी, 30 सप्टेंबरला, त्याने 3000 वा हिट (यशस्वी फटका) मारला होता. काळ्यावर पांढरी अक्षरं 8 पॉइंटात शाई पसरून बुजतात, मात्रा दिसत नाहीत. 10 पॉइंट ठळक सांगा.