सुरू असलेली कामं: संख्या मोजावी की वय?

सॉफ्टवेअर टीम आपली कामं ज्या बोर्डावर मांडते, त्यावरच्या अर्धवट कामांचं माप दोन प्रकारे घेता येतं. किती कामं उघडी आहेत ते मोजायचं, किंवा प्रत्येक काम सुरू होऊन किती दिवस झाले ते पाहायचं.

संख्या मोजणं सोपं. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेल्या नियमानुसार, १२ कामं उघडी असतील आणि आठवड्याला ३ संपत असतील, तर एका कामाला सरासरी ४ आठवडे लागतात. एका वेळी किती कामं उघडी ठेवायची, ही मर्यादा ठरवायला हा आकडा उत्तम. पण तो सरासरीचा आहे, आणि येणारी-जाणारी कामं साधारण सारखी असतील तरच लागू पडतो.

वयाचं माप मला जास्त मोलाचं वाटतं, विशेषतः टेस्टिंगसाठी. समजा बोर्डावर सहाच कामं आहेत, मर्यादा पाळलेली आहे. पण त्यातलं एक 'टेस्टिंगसाठी तयार' या रकान्यात १५ दिवस पडून आहे. संख्येतून हे कळतच नाही. तोवर डेव्हलपर दुसऱ्या कोडमध्ये गुंतलेला असतो, आणि बग सापडला की त्याला आपलाच कोड नव्याने वाचावा लागतो. सायकल टाइम, म्हणजे काम सुरू झाल्यापासून संपेपर्यंतचा वेळ, काम संपल्यावर कळतो. वय मात्र रोज डोळ्यांसमोर वाढतं, म्हणजे हस्तक्षेपाला वेळ असतो. अट एकच: टेस्टिंगमधून काम परत आलं म्हणून दिवस पुन्हा शून्यापासून मोजायचे नाहीत.

नवी टीम असेल तर आधी संख्येवर मर्यादा घाला. तरीही कामं रेंगाळत असतील, तर स्टँडअपमध्ये, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या बैठकीत, सगळ्यात जुन्या कामापासून बोलायला सुरुवात करा.