लॉजवरचं शिबिर, 'शंभर टक्के नॅचरल' मलम आणि आमच्या पोराची कातडी

सोलापूरकरांनो, पेपरमधून अधूनमधून एक गुलाबी कागद पडतो बघा, 'इसब, गजकर्ण, खरूज, सोरायसिस मुळापासून बरे, केमिकल नाही, साइड इफेक्ट नाही', खाली एस.टी. स्टँडजवळच्या कुठल्यातरी लॉजचं नाव आणि महिन्यातला एक रविवार. असा कागद घरात आला आणि घरात कुणाला खाज असली तर आधी हे वाचा, मग काय करायचं ते करा.

आमच्या पोराला लहानपणापासून इसब आहे, डॉक्टर एक्झिमा म्हणतात तेच, कोपराच्या आतल्या घडीत आणि गुडघ्याच्या मागं. आपल्याकडचा उन्हाळा माहितीच आहे, बेचाळीस-त्रेचाळीसला पारा, घामानं खाज वाढते, त्यात नळाला पाणी चार-पाच दिवसांआड म्हणून आंघोळीला बोअरचं जड पाणी, त्यानं कातडी अजून कोरडी पडते. रात्री झोपेत खाजवून खाजवून सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके. सासूबाईंनी तो कागद जपून ठेवला होता, म्हणाल्या एकदा दाखवून तर बघू, झाडपाल्याचंच आहे ना.

लॉजच्या खोलीत पांढऱ्या कपड्यातले वैद्य महाराज, बाहेर पॅसेजमध्ये ही रांग. नाडी बघितली, जीभ बघितली, पोराचा हात नीट बघितलाच नाही, आणि एक पांढरी प्लास्टिकची डबी दिली. म्हणे शतधौत घृत, म्हणजे शंभर वेळा धुतलेलं तूप, त्यात कडुलिंब आणि मंजिष्ठा. डबीवर हिरवं स्टिकर, त्यावर पानाचं चित्र आणि मोबाईल नंबर, बास. दोनशे रुपये. बिल मागितलं तर म्हणाले आमचं सेवाकार्य आहे ताई, बिल नसतं, आणि 'देणगी' लिहिलेली पावती फाडून दिली. पैसे फोनवरून पाठवले तर समोर भलत्याच माणसाचं नाव आलं. वर पथ्य सांगितलं, वांगं बंद, दही बंद, शेंगा चटणी बंद. सोलापूरच्या पोराला शेंगा चटणी बंद म्हणजे काय शिक्षा ते तुम्हाला सांगायला नको.

आणि मलमानं फरक पडला की हो. आठवड्याच्या आत खाज गायब, लाली गायब, पोरगं रात्रभर शांत झोपायला लागलं. सासूबाईंनी अख्ख्या गल्लीला सांगितलं. शेजारच्या काकूंनी त्यांच्या कमरेच्या गजकर्णाला तीच डबी आणली, आणि हीच गोष्ट खरी खटकायला पाहिजे कुणालाही, कारण इसब आणि गजकर्ण दोन वेगळे आजार, गजकर्ण बुरशीचं असतं, दोन्हीला एकच मलम चालतंच कसं?

पुढं डबी संपली की चार-पाच दिवसांत आधीपेक्षा जास्त लाल व्हायचं, जळजळायचं, पोरगं रडायचं. व्हॉट्सअपवर विचारलं की उत्तर ठरलेलं, 'आतली घाण बाहेर पडतेय, घाबरू नका' किंवा 'मुलाने शेंगा चटणी खाल्ली असणार'. आणि पुढची डबी कुरिअरनं, आता 'स्पेशल'. दोनशेची साडेचारशे झाली, मग नऊशे.

शेवटी सात रस्त्याकडं एका स्किनच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. त्यांनी कोपराची घडी ताणून भिंग लावून बघितलं आणि पहिला प्रश्न, "डबी आणलीय का?" कातडी पातळ झाली होती, आतल्या बारीक लाल रक्तवाहिन्या दिसत होत्या आणि पोट वाढल्यावर बाईमाणसाला पडतात तसे व्रण एवढ्याशा पोराच्या हाताला. म्हणाल्या लॅबमध्ये तपासल्याशिवाय डबीत काय आहे ते छातीठोक सांगता येत नाही, पण या खुणा जबरदस्त स्टेरॉइड रोज चोळल्याच्या आहेत. क्लोबेटासोल नावाचं एक सगळ्यात कडक गटातलं स्टेरॉइड आहे, मोठ्या माणसालासुद्धा सहसा दोन आठवड्यांच्या वर सलग देत नाहीत, लहान मुलांना तर टाळतातच, ते शेड्यूल एच मधलं म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायचं नाही, आणि असल्या डब्यांत हेच मिसळलेलं अनेकदा सापडतं. खाज झटक्यात जाते ती त्यानं, आणि बंद केलं की उसळते तीही त्यानंच. काकूंचं गजकर्ण तर कमरेवरून पोटापर्यंत गेलं, कारण स्टेरॉइडनं वरची लाली झाकली जाते आणि खाली बुरशी मजेत वाढते.

आता गंमत म्हणजे बाईंनी पण स्टेरॉइडचीच ट्यूब दिली, पण सौम्य, हायड्रोकॉर्टिसोन. किती लावायचं तेही दाखवलं, मोठ्या माणसाच्या बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत जेवढं बसेल तेवढं दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. किती दिवस ते लिहून दिलं, हळूहळू कमी करायचं. औषध माहीत असून मोजून लावणं वेगळं आणि तुपाच्या नावाखाली चोळणं वेगळं.

बाकी साधे उपाय बाईंनीच सांगितले आणि त्याला जवळपास काही खर्च नाही. कोमट पाण्यानं पाच-दहा मिनिटांत आंघोळ, साबण फक्त काखेत-जांघेत, टॉवेलनं घासायचं नाही नुसतं टिपायचं (टॉवेलच्या गावात राहून हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं) आणि अंग ओलसर आहे तोवर साधी बिनवासाची पेट्रोलियम जेली किंवा घाण्याचं खोबरेल. मोहरीचं तेल नको, त्यानं कातडीचं कवच अजून बिघडतं. हळद-लिंबू-कडुलिंबाचा लेप फुटलेल्या कातडीवर अजिबात नको, आग होते. ओट्स मिक्सरला एकदम बारीक करून आंघोळीच्या पाण्यात कालवले तर खाज शांत होते, आम्हाला याचा चांगला उपयोग झाला. नखं कापलेली, कपडे सुती. याला वेळ लागतो, एका रात्रीत काही होत नाही, पण परत उसळतही नाही तेवढं. शेंगा चटणी परत चालू आहे, त्यानं काहीच होत नाही.

आयुर्वेदाला शिव्या देत नाही मी. खरं आयुर्वेदिक औषध असेल तर डबीवर कायद्यानं बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, लायसन्स नंबर, बॅच नंबर, बनवल्याची तारीख आणि घटक छापलेले असतात. आमच्या डबीवर यातलं काहीच नव्हतं, वर तिला पावडरीचा वास होता.

कुणाकडं असली डबी असेल तर फेकू नका, तळाला उरलेलं मलम तसंच ठेवा, पावती, पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट, व्हॉट्सअपचं बोलणं सगळं ठेवा. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडं करायची, ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. औषध कायद्याच्या कलम २६ खाली विकत घेणाऱ्याला स्वतः फी भरून सरकारी लॅबमधून तपासूनही घेता येतं. आम्ही लेखी तक्रार दिलीय, डबी घरात वेगळी ठेवलीय. पण दहा जणांच्या तक्रारी गेल्या तर जोर येईल, म्हणून त्या लॉजवर गेलेल्यांनी आपापली द्या, आणि पोरांचं मलम एकदम बंद करू नका, आधी स्किनच्या डॉक्टरला दाखवा.