रेशमावरच्या उमे-उगुइसू चित्राचा अकरा महिन्यांचा अनुभव

क्योतोतील तोजी मंदिराच्या आवारात दर महिन्याच्या २१ तारखेला भरणाऱ्या बाजारातून गेल्या डिसेंबरमध्ये मी एक जुने काकेजिकू, म्हणजे गुंडाळून ठेवता येणारे टांगते चित्र, विकत घेतले. पिवळसर झालेल्या रेशमावर उमेची, म्हणजे हिवाळा सरताना बहरणाऱ्या जपानी प्लमच्या झाडाची, फुललेली वाकडी फांदी आणि तिच्यावर बसलेला उगुइसू हा छोटा गाणारा पक्षी, एवढाच त्याचा विषय आहे.

उमेच्या फांदीवर उगुइसू म्हणून पोपटी पक्षी काढण्याची चूक पुष्कळदा होते. तो खरे तर मेजिरो असतो, आपल्याकडच्या चष्मेवाल्याचा जातभाई. माझ्या चित्रातला पक्षी मात्र खऱ्या उगुइसूसारखा मळकट तपकिरी-हिरवा आहे, आणि मी ते घेण्याचे ते एक मोठे कारण होते.

पाकळ्यांचा पांढरा रंग, गोफुन, कालवांच्या शिंपल्यांची पूड सरसात कालवून केलेला असतो. इथे तो किंचित जाड दिलेला असल्यामुळे सकाळी बाजूने उजेड आला की प्रत्येक पाकळीच्या कडेला केसाएवढी सावली पडते. छताच्या दिव्याखाली तेच फूल सपाट दिसते. फांदीचा रंग जिथे पातळ आहे तिथे त्यातून रेशमाचे उभे-आडवे धागे मोजता येतील इतके स्पष्ट आहेत. वरखालच्या किनखापी पट्ट्या विटल्या आहेत, पण मला त्या तशाच आवडतात.

चूक माझ्याकडून झाली. ऋतू सरला की चित्र उतरवायचे असते हे ठाऊक असूनही मी ते जूनमधला पाऊस सुरू झाल्यावरही तोकोनोमात, म्हणजे चित्र टांगण्यासाठी खोलीत असलेल्या कोनाड्यात, टांगलेलेच ठेवले. रेशीम आणि मागचे कागदी अस्तर दमटपणा सारख्या प्रमाणात ओढत नाहीत, त्यामुळे दोन्ही कडा आत वळल्या. चित्रे मढवणाऱ्या एका कारागिराने ते पाहून अस्तर बदलण्याची गरज नसल्याचे सांगितले आणि कोरडी हवा येईपर्यंत सैल गुंडाळून ठेवायला लावले. घट्ट गुंडाळल्यास जाड गोफुनला तडे जातात, म्हणून दांड्यावर बसवायची फुतोमाकी, म्हणजे लाकडी जाड नळी, मी त्यानंतर घेतली. हा खर्च पहिल्याच दिवशी करायला हवा होता.

नोव्हेंबरच्या कोरड्या हवेत, ऊन न लागू देता, चित्र दोन दिवस उघडे टांगले. डावी कड सरळ झाली, उजवीला थोडा बाक राहिला आहे. वर्षभर भिंतीवर राहील असे चित्र हवे असणाऱ्याने चौकटीतलेच घ्यावे. ज्याला लावण्या-उतरवण्याची कटकट वाटत नाही, त्याला मी हे मनापासून सुचवीन.

आता ते किरी लाकडाच्या पेटीत आहे आणि जानेवारीअखेर पुन्हा बाहेर निघेल. उन्हाळ्यासाठी खंड्याचे एखादे चित्र मिळते का, ते मी पाहतो आहे.