निळ्या तिकिटावरची तारीख

गेल्या पावसाळ्यात एका टपाल तिकिटापायी माझे ३२,००० रुपये गेले. ते परत मिळालेले नाहीत आणि मिळतील अशी आशाही आता उरलेली नाही. तरी हे लिहितेय, कारण मला ज्या तऱ्हेने गळाला लावलं ती तऱ्हा जुन्या वस्तू जमवणाऱ्या कुणावरही चालेल. आणि ते तिकीट ज्या इतिहासातून आलं, तो इतिहासच मुळात एका कागदावर केलेल्या फसवणुकीचा आहे. लहानपणापासून मला तो तोंडपाठ होता.

माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो, मिरजेच्या शाळेत इतिहास शिकवायचे. लोक देशांची तिकिटं जमवतात, अप्पा कंपन्यांची जमवायचे. ज्या मुलखावर एखाद्या व्यापारी कंपनीने राज्य केलं, तिथली तिकिटं. १८५४ मधलं, आपल्याकडे कंपनी सरकार असतानाचं अर्ध्या आण्याचं निळं तिकीट, नॉर्थ बोर्निओ कंपनीची रंगीबेरंगी तिकिटं, इम्पीरियल ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीची दोन-तीन. वर्षाला दहा पौंड भाड्याने मुंबई घेणारी कंपनी आपल्याला माहीत असते. तशीच आणखी एक कंपनी सव्वादोनशे वर्षांनी आफ्रिकेत उभी राहिली आणि तिने एक अख्खा देश गिळला, हे वर्गात सांगितलं तर मुलांना खरं वाटत नाही, असं ते म्हणायचे. म्हणून ते तिकिटं वर्गात घेऊन जात.

ती दुसरी कंपनी म्हणजे ब्रिटिश साउथ आफ्रिका कंपनी. १८९२ च्या जानेवारीत तिने स्वतःची तिकिटं काढली. लंडनच्या ब्रॅडबरी विल्किन्सनने छापलेली, मध्ये कंपनीची मुद्रा, दोन बाजूंना दोन हरणं, आणि खालच्या फितीवर तीन शब्द : न्याय, व्यापार, स्वातंत्र्य. अप्पांच्या अल्बममध्ये त्यातली लहान किमतीची बरीच होती. एक पौंडाच्या गडद निळ्या तिकिटाची जागा मात्र रिकामी होती. चौकोन आखून ठेवलेला, खाली पेन्सिलीने 'शोधतोय'. ते गेले तेव्हाही तो चौकोन रिकामाच होता.

आता तो इतिहास सांगते. तो सांगितल्याशिवाय मी कशाला भुलले ते कळणार नाही.

आजच्या झिम्बाब्वेच्या पश्चिमेला एन्देबेले लोकांचं राज्य होतं. राजा लोबेंगुला, राजधानी बुलावायो. पूर्वेच्या शोना लोकांचा मुलूखही आपल्याच सत्तेखाली आहे असं तो सांगे. १८८६ मध्ये दक्षिणेला ट्रान्सवालात सोनं सापडलं आणि उत्तरेला त्याहून मोठं घबाड असणार अशी हवा उठली. राजाच्या दाराशी परवाने मागणाऱ्या गोऱ्यांची रीघ लागली. दक्षिण आफ्रिकेतल्या किंबर्लेच्या हिऱ्यांवर गबर झालेल्या सेसिल ऱ्होड्सने आपली तीन माणसं पाठवली : चार्ल्स रड, रॉचफर्ट मॅग्वायर आणि फ्रान्सिस थॉम्पसन. आठवडेच्या आठवडे ते तिथे तळ ठोकून बसले. ३० ऑक्टोबर १८८८ ला राजाने कागदावर खूण केली.

कागदात काय होतं? राजाला महिन्याला १०० पौंड, १,००० मार्टिनी-हेन्री रायफली, १ लाख काडतुसं, आणि झांबेझी नदीवर तोफा बसवलेली एक आगबोट, नाहीतर तिच्याऐवजी ५०० पौंड. बदल्यात त्याच्या राज्यातल्या सगळ्या धातूंवर आणि खनिजांवर संपूर्ण, एकट्याचा ताबा, आणि ते मिळवण्यासाठी 'जे जे आवश्यक वाटेल ते' करण्याची मुभा.

आणि तोंडी काय सांगितलं होतं? की दहापेक्षा जास्त गोरे खणायला येणार नाहीत, गावांजवळ खणणार नाहीत, आणि जे येतील ते राजाच्या कायद्याखाली राहतील. ही वचनं दुभाषाचं काम करणाऱ्या चार्ल्स हेल्म या मिशनऱ्याने स्वतः आपल्या मिशनला कळवलेली आहेत. कागदावर मात्र त्यातलं एक अक्षर नाही. राजाला वाचता येत नव्हतं. त्याच्यासाठी बोललेला शब्द हाच करार होता.

काही आठवड्यांतच दुसऱ्या गोऱ्यांनी त्याला कागदाचा खरा अर्थ सांगितला. त्याने काय नाही केलं! वर्तमानपत्रात जाहीर नोटीस छापवली, की या परवान्याबद्दल मोठा गैरसमज झालेला आहे, चौकशी होईपर्यंत तो स्थगित. म्शेटे आणि बाबेयाने अशा नावांच्या दोन वडीलधाऱ्या सरदारांना बोटीने लंडनला धाडलं. मार्च १८८९ मध्ये ते व्हिक्टोरिया राणीला भेटले. राणीच्या वसाहतमंत्र्याने राजाला उत्तर पाठवलं : राजा परक्याला एक बैल देतो, सगळं खिल्लार देत नाही, नाहीतर मागून येणाऱ्या परक्यांनी खायचं काय? ऑगस्टमध्ये राजाने स्पष्ट लिहून पाठवलं की तो कागद मी मानत नाही, त्यात माझेही शब्द नाहीत आणि तो घेणाऱ्यांचेही नाहीत.

हे वाक्य अप्पा वर्गात फळ्यावर लिहायचे.

पण २९ ऑक्टोबर १८८९ ला त्याच राणीच्या सरकारने ऱ्होड्सच्या कंपनीला सनद दिली. मंत्र्याने बैलाची गोष्ट सांगितली खरी, खिल्लार मात्र सात महिन्यांत कंपनीच्या हवाली केलं. कंपनी कायदे करू शकत होती, पोलीस ठेवू शकत होती, जमिनी वाटू शकत होती. गंमत म्हणवत नाही, पण ज्या परवान्याच्या जोरावर सनद मिळाली तो या कंपनीच्या मालकीचाच नव्हता. ऱ्होड्स आणि त्याच्या मोजक्या भागीदारांनी तो दुसऱ्याच एका कंपनीच्या नावावर ठेवला होता आणि निम्म्या नफ्याचा वाटा तिच्यासाठी राखला होता. बाहेरच्या भागधारकांना याचा पत्ता नव्हता. १८९१ मध्ये हे उघडकीला आलं तेव्हा लंडनच्या अधिकाऱ्यांनी सनद काढून घेण्याचासुद्धा विचार केला. पुढे परवाना सनदी कंपनीच्या नावावर करण्यासाठी १० लाख नवे शेअर त्याच मंडळींना द्यावे लागले. राजाला नागवून झाल्यावर त्यांनी आपल्याच भागधारकांना नागवलं.

१८९० मध्ये सुमारे २०० वसाहतवाले आणि कंपनीचे ५०० पोलीस बुलावायोला वळसा घालून शोनांच्या मुलखात घुसले. प्रत्येक वसाहतवाल्याला ३,००० एकर जमीन आणि सोन्याचे १५ पट्टे कबूल केलेले होते. सप्टेंबरमध्ये त्यांनी फोर्ट सॅलिसबरीला झेंडा लावला, म्हणजे आजच्या हरारेला. दहा माणसांचं वचन कुठे गेलं ते सांगायला नको.

आणि राजाला आणखी एकदा फसवलं. १८९१ मध्ये लिपर्ट नावाचा जर्मन व्यापारी आला. हा ऱ्होड्सचा वैरी, याला जमिनीचे हक्क दिले तर दोघं आपसात भांडतील, असं राजाला वाटलं. त्याने १०० वर्षांसाठी जमिनी वाटण्याचा हक्क लिपर्टला लिहून दिला. लिपर्टने तो ऱ्होड्सला विकायचं आधीच ठरवलेलं होतं. ब्रिटिश प्रतिनिधी मॉफट याला हे ठाऊक होतं. हा सगळा बेत घृणास्पद आहे असं त्याने ऱ्होड्सला लिहिलं, आणि गप्प राहिला. त्याच्या गप्प बसण्याची मला लिपर्टच्या लबाडीपेक्षा जास्त चीड येते.

१८९३ मध्ये मशोनालँडात, म्हणजे शोनांच्या मुलखात, म्हणावं तसं सोनं मिळेना, तेव्हा कंपनीने निमित्त शोधून राजावरच चढाई केली. स्वयंसेवकांना ६,००० एकर जमीन आणि लुटलेल्या गुरांत वाटा कबूल केला. मॅक्सिम तोफांपुढे एन्देबेले सैन्य टिकलं नाही. ४ नोव्हेंबर १८९३ ला कंपनीची माणसं बुलावायोत शिरली. राजधानीला आग लावून राजा उत्तरेला निघून गेला होता. वाटेत त्याने सोन्याच्या नाण्यांची थैली देऊन माणसं पाठवली : मी हरलो, हे घ्या आणि परत जा. ज्या दोन शिपायांच्या हाती ती पडली त्यांनी सोनं वाटून घेतलं आणि निरोप दाबून ठेवला. पाठलाग चालूच राहिला. १८९४ च्या सुरुवातीला राजा रानात मेला.

आता माझं.

जून महिन्यात संग्राहकांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप गटावर मी अप्पांच्या अल्बमच्या त्या पानाचा फोटो टाकला, रिकाम्या चौकोनासकट. ही माझी पहिली चूक. आपल्याला काय हवंय आणि किती हवंय, ते मी जगाला दाखवून टाकलं. चार दिवसांनी एकाचा फोन आला. आवाज वयस्कर, बोलणं अतिशय अदबीचं, 'ताई' म्हणून हाक. अप्पांविषयी बराच वेळ विचारत राहिला. मग म्हणाला, तुमचं निळं पौंडाचं तिकीट माझ्याकडे आहे, आणि त्यावर शिक्का आहे बुलावायोचा, १२ मार्च १८९३ चा. लोबेंगुला जिवंत असतानाचा. असं तिकीट तुम्हाला जगात दुसरं दिसायचं नाही.

मला भरून आलं. राजा अजून आपल्या राजधानीत आहे, आणि त्याचा घास घ्यायला टपलेल्या कंपनीचं तिकीट तिथे शिक्का खातंय! वर्गात मुलांना दाखवायला अप्पांना याहून मोलाचं काही मिळालंच नसतं. मी दुसरं काही पाहिलं नाही.

त्याने परदेशी तज्ज्ञ मंडळाच्या प्रमाणपत्राचा फोटो पाठवला. फोनवर दोनदा सांगितलं, ताई, महिन्याभरात कुणालाही दाखवा, नाही पटलं तर पूर्ण पैसे परत. मी यूपीआयने पैसे पाठवले. पावती मेलवर आली, दोन पानी, इंग्रजीत. मी रक्कम आणि नाव तपासलं आणि मिटवली. दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात लिहिलं होतं : वस्तू आहे त्या स्थितीत विकली आहे, ओळख आणि अस्सलपणा याची जबाबदारी खरेदीदाराची, परत घेतली जाणार नाही. लोबेंगुलाला वाचता येत नव्हतं. मला येत होतं.

तिकीट घेऊन मी पुण्याला अप्पांच्या एका जुन्या स्नेह्यांकडे गेले. काकांनी ते चिमट्याने उचललं, भिंगाखाली धरलं, मग नोटा तपासायचा जांभळा दिवा लावला. शिक्क्याखाली पेनाची पुसट वळणं उमटली, कुणाची तरी सही. 'तिकीट अस्सल आहे गं,' ते म्हणाले, 'पण टपालाला लागलेलं नाही.' कंपनीच्या मुलखात हीच तिकिटं सरकारी दस्तांवर मुद्रांक म्हणूनही चिकटवत, आपल्या रेव्हेन्यू स्टँपसारखी, आणि वर पेनाने सही ओढत. अशी तिकिटं स्वस्तात मिळतात. शाई रसायनाने धुवायची, वर खोटा टपालशिक्का मारायचा, की किंमत कित्येक पटींनी चढते. या कंपनीच्या मोठ्या किमतीच्या तिकिटांत हा प्रकार इतका जुना आहे की कॅटलॉगमध्येही त्याबद्दल सावध केलेलं असतं. मागे नवा डिंक लावून कोरी म्हणूनसुद्धा विकतात.

मग काकांनी अल्बम मागितला आणि पान उलटून अप्पांच्या अक्षरावर बोट ठेवलं. पेन्सिलीने तारखांची ओळ होती : '४ नोव्हें. १८९३ बुलावायो कंपनीकडे. १८९५ ऱ्होडेशिया नाव.' शिक्क्यात खालच्या कडेला अर्धवट उमटलेलं अक्षर होतं, ते ऱ्होडेशियाचं, म्हणजे ऱ्होड्सवरून त्या मुलखाला पडलेल्या नावाचं. मार्च १८९३ मध्ये बुलावायोत कंपनीची टपालकचेरीच नव्हती. दक्षिणेच्या मफेकिंग गावाहून तिथवर हरकारे जायचे, पण ती व्यवस्था बेचुआनालँड या शेजारच्या ब्रिटिश मुलखाच्या टपालखात्याची. आणि ऱ्होडेशिया हे नाव सरकारी कागदावर यायला अजून दोन वर्षं होती. विकणाऱ्याने जे वैशिष्ट्य म्हणून सांगितलं, तेच ते तिकीट खोटं ठरवत होतं.

प्रमाणपत्राचा क्रमांक मी त्या मंडळाला कळवला. चार दिवसांत उत्तर आलं, तो क्रमांक भलत्याच तिकिटाचा आहे. हे काम पैसे देण्याआधी करायचं होतं, फुकट होतं. विकणाऱ्याने एकदाच फोन उचलला आणि शांतपणे म्हणाला, पावती वाचा. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पैसे तोवर खात्यातून निघून गेले होते. पुढे मला सांगण्यात आलं की पावतीवरच्या अटी पाहता हा वाद दिवाणी आहे.

म्हणून सांगते. परतीचं वचन फोनवर मिळालं तर तेच त्याच्याकडून मेसेजमध्ये लिहून घ्या, आणि पैसे त्यानंतर पाठवा. शिक्क्यावरचं गाव आणि तारीख त्या गावाच्या इतिहासाशी ताडून पाहा. धुतलेली शाई ओळखायला साधा यूव्ही दिवा काही शे रुपयांत मिळतो. तुमच्या संग्रहातली रिकामी जागा अनोळखी लोकांना दाखवू नका. आणि विकणारा जर वस्तूपेक्षा तुमच्या आईवडिलांविषयी जास्त बोलायला लागला, तर त्या दिवशी व्यवहार करू नका.

लोबेंगुलाच्या कागदाचं पुढे काय झालं तेही नोंदवते, कारण अप्पांच्या टिपणात ते आहे. १९१८ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे वसाहतींच्या सर्वोच्च न्यायपीठाने, ठरवलं की लिपर्टच्या कागदाने कंपनीला जमिनीची मालकी मिळतच नव्हती. निकालाने जमीन एन्देबेले किंवा शोनांकडे मात्र परत गेली नाही, ती ब्रिटिश राजमुकुटाची ठरली. १९२३ मध्ये कंपनीचं राज्य संपून सदर्न ऱ्होडेशिया ही रीतसर वसाहत झाली. खनिजांचे हक्क मात्र कंपनीने धरून ठेवले, आणि १९३३ मध्ये ते त्या वसाहतीच्या सरकारला २० लाख पौंडांना विकले. राजाने दहा महिन्यांत नाकारलेल्या कागदाला ४५ वर्षांनी ही किंमत आली.

निळं तिकीट मी त्या चौकोनात लावलेलं नाही. शेवटच्या कोऱ्या पानावर लावलं, आणि खाली माझ्या अक्षरात लिहिलं : दस्तावर वापरलेलं, शाई धुतलेली, शिक्का खोटा. अप्पांचं 'शोधतोय' तसंच आहे.