केनियात चहा, फरसबी, अ‍ॅव्होकॅडो की गुलाब?

केनियातून निर्यातीसाठी काय पिकवावं, हा प्रश्न साधारण दोन तऱ्हेच्या लोकांना पडतो. एक म्हणजे तिथल्या फुलशेतीत नोकरी करून आता स्वतःचं काही उभं करू पाहणारे. दुसरे मुरांगा, किरिन्यागा अशा भागांत एक-दोन एकरवाल्या शेतकऱ्यांच्या गटांना सल्ला देणारे. दोघंही आधी विचारतात, एकरी किती सुटतात? हा आकडा हंगामागणिक बदलतो, आणि सांगणारा बहुतेक वेळा चांगल्या वर्षाचाच सांगतो. त्याआधी वेगळी चौकशी करावी: तोडलेला माल किती दिवस थांबू शकतो, आणि तेवढ्या वेळात तो नाकारायची मुभा कोणाकोणाला आहे? चारही पिकं या एका कसोटीवर लावली की बराच उलगडा होतो.

चहापासून सुरुवात करू. काळ्या चहाच्या निर्यातीत केनिया जगात पहिला आहे. वर्षाला 50 कोटी किलोहून जास्त चहा तयार होतो. त्यातला निम्म्याहून अधिक छोट्या शेतकऱ्यांचा, आणि जवळपास सगळा देशाबाहेर जातो. हे शेतकरी केटीडीए (केनिया टी डेव्हलपमेंट एजन्सी) या यंत्रणेखालच्या सुमारे 70 कारखान्यांना पाला घालतात, आणि कारखान्यांचे भागधारकही तेच असतात. पाल्याला किलोमागे महिन्याला ठरावीक पैसे मिळतात आणि वर्षअखेर उरलेली रक्कम ‘बोनस’ म्हणून येते. उसाचा पहिला हप्ता आणि अंतिम दर ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यात नवं काही वाटणार नाही. बोनसवरून होणारी भांडणंसुद्धा ओळखीची वाटतील.

खुडलेला पाला काही तासांत कारखान्यात पोचला नाही तर लाल पडतो. पण एकदा चहा तयार झाला की तो गोदामात महिनोन्‌महिने राहू शकतो. मात्र माल थांबला म्हणून भाव चढतोच असं नाही, हे केनियाने नुकतंच पाहिलं. 2021 मध्ये मोम्बासाच्या लिलावात केटीडीएच्या चहासाठी किलोला 2.43 डॉलर अशी किमान किंमत ठरवली गेली. रिफ्ट व्हॅलीच्या पूर्वेकडचा उजवा चहा त्या भावात जात राहिला. पश्चिमेकडचा स्वस्त चहा मात्र गोदामात साचत गेला आणि 2024 मध्ये ती अट काढावी लागली. चहात बुडण्याची भीती कमी, हे खरं. एकदम वर येण्याची आशाही तितकीच कमी. लागवडीनंतर खुडणी सुरू व्हायला सुमारे तीन वर्षं लागतात, मग झुडूप अनेक दशकं चालतं. ज्याच्या घरात दरमहा थोडे पैसे यायलाच हवेत, त्याने चहा उपटून दुसरं काही लावायच्या भानगडीत पडू नये.

फरसबीचं सगळंच उलटं. पंचेचाळीस-पन्नास दिवसांत पहिली तोडणी, खर्च आवाक्यातला आणि पैसा लवकर. गटांना हेच पीक सर्वांत आधी भुरळ घालतं. निर्यातीत शेंगेची जाडी मोजतात: 6 मिलिमीटरपर्यंतची शेंग सर्वांत बारीक प्रतीत, तिच्यावरची खालच्या प्रतीत. त्यामुळे तोडणी एक-दोन दिवसांच्या अंतराने करावीच लागते. पावसाने रस्ता बंद झाला, मजूर आले नाहीत, निर्यातदाराची गाडी एक दिवस चुकली, तर झाडावरची शेंग वाढत राहते आणि प्रत घसरत जाते. तोडलेल्या मालाला तर त्याच दिवशी गारवा मिळाला पाहिजे.

शिवाय नकाराची दारं किती! शेतावर गटाचा प्रतवारी करणारा, निर्यातदाराच्या पॅकहाऊसमध्ये त्याची माणसं, युरोपात उतरल्यावर तिथले निरीक्षक आणि शेवटी सुपरमार्केट. 2012 मध्ये केनियाच्या फरसबीत आणि वाटाण्यात डायमेथोएट या कीटकनाशकाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले. 2013 च्या सुरुवातीपासून युरोपीय संघाने या मालाच्या दहा टक्के खेपा तपासायला घेतल्या. फवारणी चुकली ती काही शेतकऱ्यांची, पण तपासणीचा खर्च आणि उशीर सगळ्यांच्या माथी आला. त्याआधी युरोपातल्या खरेदीदारांना लागणाऱ्या युरेपगॅप या शेतीपद्धतीच्या प्रमाणपत्राच्या अटींनीही (2007 पासून ते ग्लोबलगॅप नावाने चालतं) बरेच छोटे शेतकरी गळाले होते. औषधांसाठी वेगळी खोली, फवारणीची नोंदवही, हात धुण्याची सोय, वर्षाचं ऑडिट. खर्च तोच, पण अर्ध्या एकरावर तो पेलायचा कसा?

म्हणून फरसबीला माझा सरसकट नकार नाही, अट आहे. बारमाही पाणी, प्रमाणपत्राचा खर्च उचलणारा निर्यातदार, आणि लेखी करारात नाकारलेल्या मालाचं काय करायचं याचं स्पष्ट कलम. बहुतेक करारांवर वाद होतो तो भावावरून नव्हे, रिजेक्शनवरून. पॅकहाऊसमध्ये किती किलो बाजूला काढले, हे शेतकऱ्याला दिसतच नाही. त्याच्या हाती येते फक्त चिठ्ठी. प्रतवारीच्या वेळी गटाचा एक माणूस तिथे उभा राहील, एवढं कलम मिळालं तरी अर्धी लढाई जिंकली.

अ‍ॅव्होकॅडोची गंमत ही की फळ झाडावर पिकत नाही. हास जातीचं तयार फळ काही आठवडे झाडावरच राहिलं तरी बिघडत नाही. मऊ पडायला लागतं ते तोडल्यानंतर. चार पिकांत शेतकऱ्याच्या हातात वेळ देणारं हे एकटंच. व्यापाऱ्याने भाव पाडला तर ‘पुढच्या आठवड्यात ये’ असं म्हणता येतं. फरसबीवाल्याला ते जमणं अशक्य. विमानाचीही गरज नाही, माल रीफर म्हणजे थंड ठेवणाऱ्या कंटेनरमध्ये समुद्रमार्गे जातो.

धोके आहेतच. घाईने तोडलेलं कच्चं फळ नीट पिकत नाही, रबरासारखं राहून सुरकुततं. असे कंटेनर युरोपात पोचले की नाव सगळ्या देशाचं खराब होतं. त्यामुळे हंगाम संपत आला की सरकार समुद्रमार्गे निर्यातीसाठीची तोडणी काही महिने बंद करतं. वर्षाच्या मध्याला पेरू या देशाचा माल युरोपभर पसरलेला असतो, तेव्हा भाव कोसळतात. 2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि जहाजं केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागली. आधीच महिनाभराचा प्रवास, त्यात सुमारे दोन आठवड्यांची भर पडली. एवढा काळ फळ टिकवणं ही निर्यातदाराची डोकेदुखी, पण तिचा हिशेब खरेदीच्या भावातून शेतकऱ्याकडूनच वसूल होतो. दिलासा एवढाच की 2022 पासून चीनचा बाजारही ताज्या फळाला उघडला. कलमी झाड तीन-चार वर्षांत फळावर येतं. तोवरचा खर्च कुठून काढायचा, एवढंच आधी ठरवावं लागतं. आणि फळं भरात असताना राखण ठेवावी लागते, कारण चोरांनाही भाव कळतो.

गुलाबाला या रांगेत बसवणं जरा अन्यायाचंच. तो शेतीपेक्षा कारखान्याच्या जास्त जवळचा. नैवाशा सरोवराचा काठ समुद्रसपाटीपासून सुमारे 1,900 मीटर उंचीवर, केनिया पर्वताच्या उतारावरचं टिमाऊ त्याहून वर. जसजसं उंच जावं तसतशी दांडी लांब आणि कळी मोठी, पण चौरस मीटरमागे फुलं कमी. दर दांडीच्या सेंटिमीटरवर ठरतो, म्हणून जागा निवडतानाच अर्धा धंदा ठरलेला असतो. पॉलिहाऊस, ठिबक, शीतगृह, रोपामागे ती जात तयार करणाऱ्या ब्रीडरला रॉयल्टी आणि विमानाचं भाडं. फूल तोडलं की घड्याळ सुरू. एप्रिल 2010 मध्ये आइसलंडच्या ज्वालामुखीच्या राखेमुळे युरोपची विमानं थांबली, तेव्हा केनियात फुलं फेकून द्यावी लागली. 2014 च्या ऑक्टोबरपासून डिसेंबरअखेरपर्यंत व्यापार करार रखडल्यामुळे युरोपने फुलांवर 8.5 टक्क्यांपर्यंत शुल्क लावलं. ती भीती आता पुष्कळ कमी झाली आहे, कारण युरोपीय संघाशी केलेला करार 1 जुलै 2024 पासून लागू आहे. पण एप्रिल 2025 पासून फॉल्स कॉडलिंग मॉथ या किडीसाठी गुलाबावर युरोपचे नवे कडक नियम आले. एक दार उघडतं तोवर दुसऱ्याला कडी लागते, असा हा धंदा आहे.

देशाच्या बाजूने पाहिलं तर गुलाबाचे डॉलर डोळ्यात भरतात, आणि नैवाशात हजारो हातांना, विशेषतः बायकांना, त्यातून नियमित पगार मिळतो. पण त्या डॉलरमधून प्लास्टिक, खतं, रॉयल्टी, विमानभाडं यांसाठी बराच पैसा परत बाहेर जातो. चहाचा पैसा गावात जास्त मुरतो. सरकारं फुलांच्या आकड्यांवर जितकी खूश होतात, तितकं खूश व्हायचं कारण मला दिसत नाही.

कॉफी मुद्दाम बाहेर ठेवली. 1989 मध्ये आंतरराष्ट्रीय कोटा पद्धत मोडली, भाव पडले, आणि त्या दशकाच्या अखेरीस सव्वा लाख टनांवर गेलेलं केनियाचं उत्पादन आज निम्म्याहूनही कमी आहे. कॉफीची जुनी बाग असेल तर सांभाळा. नवी लावण्याचा सल्ला मी देणार नाही.

तर छोट्या गटासाठी माझा क्रम असा: चहा असेल तर तो राहू द्या, बांधाला आणि खालच्या उताराला हास लावा, आणि वर सांगितलेल्या अटी पुऱ्या होत असतील तरच पाण्याच्या तुकड्यावर फरसबी. स्वतः भांडवल घालणाऱ्याने गुलाबाकडे वळण्यापूर्वी युरोपात थेट घेणारा ग्राहक गाठावा. नुसत्या नेदरलँड्समधल्या आल्समीरच्या फुलांच्या लिलावावर विसंबून पॉलिहाऊस उभारणं जुगार आहे.

आणि जमिनीची चौकशी सर्वांत आधी करा. 2010 च्या राज्यघटनेनुसार परदेशी माणसाला केनियात जमीन फक्त भाडेपट्ट्याने मिळते, तीही जास्तीत जास्त 99 वर्षांसाठी. शेतजमिनीच्या व्यवहाराला लँड कंट्रोल बोर्डाची संमती लागते, आणि परदेशी नागरिकाच्या बाबतीत तिथेच गाडी अडते. स्थानिक भागीदाराच्या नावावर जमीन घेऊन मार्ग काढणारे पुष्कळ भेटतील. त्यांच्यापैकी कोणाकडून सल्ला घेण्याआधी स्वतःचा वकील लावा.